खलनायकाचा भूतकाळ

१९४० च्या सुरुवातीला न्यूयॉर्कमधल्या एका संपादकाने मेलेल्या माणसाला जिवंत केलं. ‘बॅटमॅन’च्या स्वतंत्र अंकमालेचा पहिला अंक छपाईला जायचा होता. त्यात एक नवा खुनी होता. पांढराफटक चेहरा, हिरवे केस, लालभडक ओठ आणि कधीच न मिटणारं हसू. अंकातल्या त्याच्या दुसऱ्या गोष्टीच्या शेवटी झटापट होते, त्याच्याच हातातला सुरा त्याच्या छातीत घुसतो आणि जोकर कोसळतो. लेखक बिल फिंगर यांच्या लेखी तो तिथेच संपला होता. तोच गुन्हेगार पुन्हा पुन्हा परतला तर बॅटमॅन कुचकामी दिसेल, असं त्यांना वाटे. संपादक व्हिटनी एल्सवर्थ यांना मात्र असा माणूस एका अंकात खर्ची घालणं पटलं नाही. घाईघाईने शेवटी एक चौकट जोडली गेली. हा अजून जिवंत आहे, एवढंच त्या चौकटीला सांगायचं होतं.

त्या एका चौकटीत मला खलनायकांचा सगळा पुढचा इतिहास दिसतो. गोष्टीत मरणारा दुष्ट सोयीचा असतो. त्याचं पाप त्याच्याबरोबर जातं, पुस्तक मिटतं, आपण झोपायला मोकळे होतो. पण जो वाचतो त्याचं काय करायचं? तो पुढच्या अंकात येतो, त्याच्या पुढच्याही. दहा वर्षं येतो, पन्नास वर्षं येतो. चित्रं काढणारे हात बदलतात, लिहिणारे थकतात, नवे येतात. तो येतच राहतो. आणि या कागदी जगाचा विलक्षण नियम असा की इथे कुणी म्हातारं होत नाही. निवृत्ती नाही, नातवंडं नाहीत, पिकलेले केस नाहीत. या माणसांना पुढे वाढायला जागाच नसते, म्हणून ती मागे वाढतात. दर दशकाला त्यांच्या पदरात थोडं बालपण पडतं, कधी एखादी आई, कधी एखादी जळलेली प्रयोगशाळा, कधी हरवलेलं प्रेम. सुपरव्हिलनच्या एवढ्या वर्षांच्या प्रवासाचं सार मला विचाराल तर ते हेच आहे. ज्याला फक्त वर्तमान होता, त्याला हळूहळू भूतकाळ मिळत गेला.

जोकरचा चेहरा आला कुठून हे कळलं की मन चरकतं. १९२८ साली ‘द मॅन हू लाफ्स’ नावाचा मूकपट आला होता. त्यातल्या कॉनराड फाइट या जर्मन नटाच्या छायाचित्रावरून जोकरचं हसू बेतलं गेलं. मूळ गोष्ट व्हिक्टर ह्यूगोची, १८६९ च्या कादंबरीतली. तिचा नायक ग्विनप्लेन लहान असतानाच त्याचं तोंड कापून कायमचं हसरं केलेलं असतं. तो मोठा होतो, जत्रेतल्या खेळात लोकांना हसवतो, एका आंधळ्या मुलीवर जीव लावतो, कुणाचं वाईट करत नाही. रडू आलं तरी त्याचा चेहरा हसतच राहतो. जगातल्या सर्वांत क्रूर हसण्याच्या मुळाशी असं एक छळलेलं पोर आहे. कॉमिक्सवाल्यांनी १९४० मध्ये तो चेहरा उचलला आणि त्यामागची व्यथा ह्यूगोच्या पुस्तकातच राहू दिली. त्या वेळी ती कुणाला नको होती. पण व्यथा चिवट असते. पुढच्या पन्नास वर्षांत ती आपला चेहरा शोधत परत आली.

सुपरमॅनच्या घराण्यातही असंच काहीसं घडलं आहे. जेरी सीगल आणि जो शूस्टर ही क्लीव्हलंडच्या एका शाळेतली दोन मुलं. १९३३ मध्ये स्वतःच काढलेल्या एका छोट्या नियतकालिकात त्यांनी सुपरमॅनची पहिली गोष्ट छापली, आणि त्या गोष्टीतला सुपरमॅन दुष्ट होता. मंदीचे दिवस. फुकटच्या पावासाठी रांगेत उभ्या राहिलेल्या एका बेकार माणसाला एक शास्त्रज्ञ घरी घेऊन जातो, त्याच्यावर प्रयोग करतो. त्या माणसाला दुसऱ्यांची मनं वाचता येऊ लागतात आणि तो जग गिळायला निघतो. औषधाचा अंमल उतरतो, आणि तो पुन्हा त्याच रांगेत येऊन उभा राहतो. पाच वर्षांनी, जून १९३८ च्या ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’मध्ये, सुपरमॅन जगापुढे आला तो भला, दुबळ्यांच्या पाठीशी उभा राहणारा. त्याचं कौतुक सगळ्यांनी केलं. माझ्या मनातून मात्र तो पावाच्या रांगेतला माणूस जात नाही. या सगळ्या परंपरेच्या उंबरठ्यावर उभा असलेला पहिला खलनायक भुकेला होता.

मग आला लेक्स लुथर. एप्रिल १९४० च्या अंकात तो पहिल्यांदा दिसतो तेव्हा त्याच्या डोक्यावर दाट लाल केस आहेत. वर्षभरातच ते गायब होतात. एका चित्रकाराच्या हातून घोटाळा झाला असावा, असं सांगतात; आधीचा एक टकला शास्त्रज्ञ आणि लुथर यांची सरमिसळ झाली आणि लुथर कायमचा टकला राहिला. पुढची वीस वर्षं याचं कारण कुणी विचारलं नाही. १९६० मध्ये एक गोष्ट आली, तीही जेरी सीगल यांनीच लिहिलेली. तरुण लुथर हा सुपरबॉयचा मित्र. त्याच्या प्रयोगशाळेला आग लागते, सुपरबॉय फुंकर मारून आग विझवतो, पण त्या धुरात लुथरचे केस जातात आणि त्याने घडवलेला अमोल प्रयोग नष्ट होतो. मित्राने मत्सरापोटी मुद्दाम केलं, असं तो धरून बसतो. चित्रकाराच्या हातून निसटलेल्या रेघेची वीस वर्षांनी जखम झाली. दुरावलेल्या मैत्रीची जखम. ही गोष्ट मुलांसाठी लिहिलेली आहे, तरी ती वाचताना मला लुथरविषयी पहिल्यांदा वाईट वाटलं. ज्याने जीव वाचवला त्याचाच आयुष्यभर द्वेष करत राहणं, याहून एकाकी काही नसेल.

पण हे १९६० चं झालं. त्याआधी युद्ध होतं, आणि युद्धात शत्रूला भूतकाळ परवडत नाही. मार्च १९४१ अशी तारीख असलेल्या ‘कॅप्टन अमेरिका’च्या पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर नायक हिटलरच्या जबड्यावर ठोसा लगावतो आहे, त्याच अंकात रेड स्कल येतो. तो अंक निघाला तेव्हा अमेरिका युद्धात उतरलीही नव्हती. जो सायमन आणि जॅक कर्बी हे दोघे ज्यू चित्रकार-लेखक मात्र आपल्या परीने उतरले होते. नाझी खलनायकाचं बालपण कसं गेलं, हे त्यांना विचारावंसं वाटलं नसणार, आणि त्यात मला काही गैर दिसत नाही. घराला आग लागलेली असताना आग लावणाऱ्याचं चरित्र लिहायला कुणी बसत नाही.

त्या काळाची दुसरी एक बाजू मात्र मला सलते. कितीतरी खलनायकांना भूतकाळाच्या जागी नुसता मुलूख दिलेला होता. तो पूर्वेकडचा आहे, त्याची बोटं लांब आहेत, डोळे बारीक आहेत, म्हणजे तो कपटी आहे. १९३४ च्या ‘फ्लॅश गॉर्डन’मधला मिंग असा आहे. १९६४ मध्ये आयर्न मॅनपुढे उभा ठाकलेला मँडरिनही त्याच मुशीतला. आणि हा मुलूख फिरत फिरत आपल्या दारापर्यंत आला होता. ली फॉक यांनी १९३६ मध्ये निर्माण केलेला फँटम आपण वेताळ म्हणून ओळखतो. टाइम्स ऑफ इंडियाच्या इंद्रजाल कॉमिक्समधून १९६४ पासून तो इथे आला, मराठीतही आला. या वेताळाच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या वैऱ्यांचं, त्या समुद्री चाच्यांचं मूळ नाव सिंग होतं. भारतात छापताना ते ‘सिंगा’ करावं लागलं आणि वेताळाच्या देशाचं ‘बेंगाली’ हे नाव बदलून तिथे डेंकाली आलं. लहानपणी मी ती पुस्तकं अधाशासारखी वाचली. कवटीची गुहा, हिरो घोडा, डेव्हिल लांडगा, हनुवटीवर उमटणारी कवटीची खूण. चाच्यांच्या टोळीत आपल्यासारखं कुणी असेल, हे तेव्हा मनातही आलं नाही. पुढे मूळ नाव कळलं तेव्हा मी बराच वेळ अस्वस्थ होतो. ज्यांना गोष्टीत चेहरा आहे आणि भूतकाळ नाही, त्यांच्यात कधीतरी आपलाही नंबर लागलेला असतो. तेव्हापासून खलनायकाला भूतकाळ मिळतो की नाही, हा प्रश्न माझ्यासाठी केवळ कलेचा राहिला नाही.

१९५४ साली तर भूतकाळावर जवळजवळ बंदीच आली. मानसोपचारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थम यांचं पुस्तक आलं, कॉमिक्समुळे मुलं बिघडतात असा त्यांचा आरोप होता. अमेरिकी सिनेटच्या उपसमितीपुढे साक्षी झाल्या. घाबरलेल्या प्रकाशकांनी स्वतःच स्वतःसाठी एक आचारसंहिता बनवली, कॉमिक्स कोड. मुखपृष्ठावर त्यांचं शिक्कामोर्तब नसेल तर विक्रेते अंक घेईनासे झाले. त्या संहितेतलं एक कलम मी पुन्हा पुन्हा वाचलं आहे. गुन्हेगाराविषयी सहानुभूती वाटेल अशा रीतीने गुन्हा दाखवायचा नाही, असा त्याचा आशय. प्रत्येक वेळी भल्याचा विजय झाला पाहिजे, दुष्टाला शिक्षा झाली पाहिजे. नियम करणाऱ्यांना मुलांची काळजी होती, यावर माझा विश्वास आहे. पण त्यांनी करुणेला गुन्ह्याच्या यादीत टाकलं.

त्याचा परिणाम अभ्यासण्यासारखा आहे. सहानुभूती गेली आणि तिच्याबरोबर भीतीही गेली. कॅटवुमन, जिच्याकडे बॅटमॅन जरा जास्तच वेळ पाहायचा, ती १९५४ नंतर बारा वर्षं पानांवरून नाहीशी झाली. अर्धा चेहरा जळालेला टू-फेस, एकेकाळचा सचोटीचा सरकारी वकील, १९७१ पर्यंत जवळजवळ अज्ञातवासात गेला. खुनी जोकर खोडकर झाला. तो विनोदी दरोडे घालू लागला, महाकाय खेळण्यांमध्ये पकडला जाऊ लागला. दूरचित्रवाणीच्या १९६६ च्या मालिकेत सीझर रोमेरो यांनी तो मोठ्या आनंदाने रंगवला. मिशी काढायला त्यांनी नकार दिला म्हणून पांढरा रंग मिशीवरूनच फासला गेला. मुलं खूश होती. घाबरत मात्र कुणी नव्हतं. ज्याचं दुःख दिसत नाही, त्याच्या क्रौर्याचीही खोली कळत नाही. करुणा आणि भय एकाच झऱ्याचं पाणी पितात. एकाचं तोंड बुजवलं की दुसरं आटतं.

संहितेच्या त्याच काळात मार्वलच्या कचेरीत मात्र भूतकाळ फटीतून आत येऊ लागला होता. स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांचा डॉक्टर डूम १९६२ मध्ये आला तो लोखंडी मुखवटा घालून. दोन वर्षांनी, १९६४ च्या वार्षिक अंकात, त्याचं बालपण उलगडलं. लॅटव्हेरिया नावाच्या कल्पित देशातल्या भटक्या रोमा जमातीतलं पोर. आई लहानपणीच गेलेली. वडील वैद्य. सरदाराच्या बायकोला वाचवता आलं नाही म्हणून जीव मुठीत घेऊन पळताना बर्फात मुलाला छातीशी धरून ते गारठून मेले. त्या पोराने पुढे जगाला टाचेखाली घ्यायचं ठरवलं. १९७१ मध्ये संहिताच सैल झाली, काही अटींवर गुन्हेगाराकडे सहानुभूतीने पाहायला परवानगी मिळाली. पुढे फक्त कॉमिक्स विकणारी दुकानं निघाली, वाचक वयाने मोठे झाले. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे लिहिणारे बदलले. आता लेखणी हातात घेणारी पिढी ही लहानपणी हीच पुस्तकं उशाला घेऊन झोपलेली पिढी होती. लहानपणी मनात आलेला आणि कुणीच उत्तर न दिलेला प्रश्न त्यांनी मोठेपणी स्वतःच सोडवायला घेतला. हा माणूस असा का झाला?

या प्रश्नाचं माझ्या लेखी सर्वांत मोठं उत्तर म्हणजे मॅग्नेटो. १९६३ च्या ‘एक्स-मेन’च्या पहिल्या अंकात तो एका क्षेपणास्त्र तळावर हल्ला करतो. लोखंडाला हुकूम सोडणारा, लाल शिरस्त्राणातला, गर्जना करणारा माणूस. त्याच्या टोळीच्या नावातच ‘दुष्ट’ हा शब्द आहे. स्वतःच्या संघटनेला स्वतःच दुष्ट म्हणवून घेणारा माणूस जगात कुठे असतो? पण तेव्हा तेवढंच पुरे होतं. तो कुठून आला, त्याचं खरं नाव काय, कुणाला ठाऊक नव्हतं. अशी अठरा वर्षं गेली.

ऑक्टोबर १९८१ चा, दीडशेवा अंक. लेखक ख्रिस क्लेअरमाँट, चित्रं मुख्यतः डेव्ह कॉक्रम यांची. मॅग्नेटो जगातल्या राष्ट्रांना धमकी देतो, अण्वस्त्रं टाकून द्या आणि सत्ता माझ्या हाती द्या. त्याच्यावर क्षेपणास्त्रं डागणारी एक सोव्हिएत पाणबुडी तो माणसांसकट बुडवतो. मग किटी प्राइड नावाची एक लहान मुलगी, भिंतीतून आरपार जाऊ शकणारी, त्याची यंत्रं निकामी करायला येते. तो संतापाने तिच्यावर वार करतो. ती निपचित पडते. आणि तो थांबतो. तिला हातांवर घेऊन हा माणूस गुडघ्यांवर येतो, कारण त्याला आठवतं की तोही असाच लहान होता, आणि त्याचं सगळं घर आउश्वित्सच्या छळछावणीत संपलं होतं. आपण ज्यांचा द्वेष करत मोठे झालो, त्यांच्यासारखंच एक कृत्य आत्ता आपल्या हातून झालं, हे त्याला दिसतं. किटी वाचते. मॅग्नेटो मात्र पूर्वीचा राहत नाही.

त्या पानांवर मी किती वेळ रेंगाळलो आहे! एका झटक्यात मागची अठरा वर्षं वेगळी दिसू लागतात. तो पहिल्या अंकातला क्षेपणास्त्र तळ, ती गर्जना, माणसांवरचा तो अविश्वास. वेगळ्या माणसांना इतर लोक शेवटी कुठे नेऊन सोडतात, हे त्याने लहानपणीच पाहिलं होतं. ज्या कर्बींनी त्याचं पहिलं चित्र काढलं, ते स्वतः ज्यू होते आणि दुसऱ्या महायुद्धात फ्रान्समध्ये सैनिक म्हणून लढले होते. स्टॅन लीही ज्यू घरातले. १९६३ मध्ये त्यांनी हा भूतकाळ त्याला दिला नव्हता. तो पुढच्या पिढीने दिला, जेव्हा जगालाही त्या छावण्यांविषयी मोठ्याने बोलता येऊ लागलं होतं. १९८५ मध्ये मॅग्नेटोवर पॅरिसला खटला चालतो आणि ती बुडालेली पाणबुडी त्याच्यापुढे ठेवली जाते. पुढे तो त्याच्या प्रतिस्पर्ध्याची, चार्ल्स झेव्हियरची, शाळा सांभाळतो. पुन्हा चिडतो, पुन्हा भरकटतो. २००० सालच्या चित्रपटाची सुरुवातच १९४४ च्या पोलंडमध्ये होते. चिखल, पाऊस, आईपासून ओढून नेलेला मुलगा आणि त्याच्या आक्रोशाने वाकणारं लोखंडी फाटक. त्यानंतर चित्रपटात तो काहीही करो, ते फाटक डोळ्यांपुढून हलत नाही.

आणि तरीही मॅग्नेटो मला आधीपेक्षा जास्त भयंकर वाटतो. १९६३ चा मॅग्नेटो चुकीचा आहे हे सांगायला दोन वाक्यं पुरतात. १९८१ नंतरच्या मॅग्नेटोशी वाद घालायला सगळं आयुष्य पणाला लावावं लागतं, कारण त्याचं अर्धं म्हणणं खरं आहे. सोसलेल्या माणसाच्या हातात बळ आलं की तो पुढच्या दुबळ्याला वाचवेल, की चिरडेल? हा प्रश्न फक्त त्याचा नाही. तो कुठल्याही समाजाचा, कुठल्याही घराचा आहे.

१९९२ मध्ये हाच प्रश्न दूरचित्रवाणीवरच्या बॅटमॅनच्या एका व्यंगचित्र मालिकेने विचारला. १९५९ मध्ये मिस्टर झीरो नावाचा एक मामुली चोर आला होता. बर्फाची बंदूक, हिऱ्यांचे दरोडे. नंतर त्याचं नाव मिस्टर फ्रीझ झालं. पॉल डिनी आणि ब्रूस टिम यांनी ‘हार्ट ऑफ आइस’ या भागात त्याला एक बायको दिली, नोरा. असाध्य आजार झालेली, इलाज सापडेपर्यंत गोठवून ठेवलेली. कंपनीचा मालक खर्च नको म्हणून प्रयोग बंद पाडतो, आणि त्या धडपडीत विज्ञान जाणणारा एक हळवा नवरा कायमचा थंडीत ढकलला जातो. शेवटी कोठडीत बसून तो नोराची क्षमा मागतो. एवढ्याशा या भागाने त्या पात्राची आधीची तीस वर्षं पुसून टाकली. छापील कॉमिक्सनेही हाच भूतकाळ स्वीकारला. त्याच मालिकेत जोकरची सहकारी म्हणून हार्ली क्विन आली. १९९४ च्या ‘मॅड लव्ह’ने दाखवलं की ती मुळात जोकरवर उपचार करायला आलेली डॉक्टर होती, त्याच्या दुःखाच्या कहाण्या ऐकता ऐकता त्याच्यात ओढली गेलेली. आणि त्या कहाण्या त्याने इतरांनाही निरनिराळ्या करून सांगितल्या होत्या. भूतकाळ हत्यार म्हणूनही वापरता येतो, हे मला या गोष्टीने शिकवलं.

लुथरचा प्रवास याच्या उलट दिशेने गेला. १९८६ मध्ये जॉन बर्न यांनी सुपरमॅनची मांडणी नव्याने केली, तेव्हा वेडा शास्त्रज्ञ मागे पडला आणि लुथर उद्योगपती झाला. उंच इमारतीतलं कार्यालय, नगरावर मालकी, हाताखाली वकील, कायद्याच्या अलीकडे राहून केलेले गुन्हे. हा लुथर तुरुंगात जात नाही, सत्कार घेतो. २००० मध्ये तर कॉमिक्समधली अमेरिका त्याला राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून देते. १९८७ च्या एका गोष्टीत त्याचा संगणक सगळी माहिती पडताळून त्याला सांगतो की क्लार्क केंट हाच सुपरमॅन आहे. लुथर तो निष्कर्ष धुडकावून लावतो. एवढं सामर्थ्य असलेला माणूस साधा बातमीदार म्हणून जगेल, यावर त्याचा विश्वासच बसत नाही. खलनायकाची इतकी अचूक तपासणी मी दुसरीकडे क्वचितच पाहिली आहे. त्याच्याकडे जखम नाही, भूक नाही, छावणी नाही. त्याला फक्त नम्रता कळत नाही, आणि तेवढ्यासाठी सत्य त्याच्या हातात येऊनही निसटतं.

राहिला जोकर. १९५१ मध्ये सांगितलं गेलं की तो रसायनाच्या हौदात पडून असा झाला. १९७३ मध्ये डेनी ओ’नील आणि नील अ‍ॅडम्स यांनी त्याला पुन्हा खुनी केलं. आणि १९८८ मध्ये अ‍ॅलन मूर आणि ब्रायन बोलंड यांच्या ‘द किलिंग जोक’ने ह्यूगोकडे राहिलेली व्यथा त्याला परत दिली. एक पडलेला विनोदवीर, गरोदर बायको, थकलेलं भाडं, मग एका दिवसात सगळं उद्ध्वस्त. वाचताना घसा दाटतो. पण जोकर स्वतःच म्हणतो की त्याला आपला भूतकाळ कधी असा आठवतो, कधी तसा. आणि त्याचा दावा असा की एक वाईट दिवस कुणालाही त्याच्यासारखं करू शकतो. ते सिद्ध करायला तो पोलीस आयुक्त गॉर्डन यांच्या मुलीवर, बार्बरावर, दारातच गोळी झाडतो आणि गॉर्डन यांना असह्य छळातून नेतो. सुटका झाल्यावर गॉर्डन काय मागतात? याला पकडा, पण कायद्याने पकडा. त्या रात्रीत गॉर्डन यांनी जोकरएवढंच गमावलं होतं. ते जोकर झाले नाहीत. भूतकाळ माणूस समजावून सांगतो, त्याच्या वतीने निवड मात्र करत नाही. ही ओळ त्या पुस्तकात कुठे लिहिलेली नाही. गॉर्डन यांच्या वागण्यात ती आहे.

त्याच वर्षी वाचकांचीही परीक्षा झाली. बॅटमॅनचा साथी जेसन टॉड, दुसरा रॉबिन, जोकरच्या हल्ल्यातून वाचावा की मरावा, हे प्रकाशकांनी दूरध्वनीवरच्या मतदानाने ठरवायला सांगितलं. पैसे भरून फोन करायचा. मरावा म्हणणारे ५,३४३, वाचावा म्हणणारे ५,२७१. बहात्तर मतांनी एक मुलगा मेला. हात जोकरचा, हुकूम वाचकांचा. या आकड्यांकडे पाहताना मला सगळ्या सुपरव्हिलनांपेक्षा जास्त अंतर्मुख व्हायला होतं. आपण खलनायकाला समजून घेत इतकी वर्षं चाललो, ते त्याच्यात आपलं काही असतं म्हणून.

पण बार्बराचं काय झालं? ‘द किलिंग जोक’मध्ये ती गोळी खाते आणि मग गोष्ट तिला सोडून पुरुषांच्या वादात गुंतते. तिचं दुःख तिच्या वडिलांची कसोटी घेण्यासाठी वापरलं गेलं. किम येल आणि जॉन ऑस्ट्रँडर या लेखक जोडप्याला हे मानवलं नाही. १९८९ मध्ये त्यांनी ‘सुइसाइड स्क्वॉड’मध्ये ऑरॅकल नावाचा एक अदृश्य आवाज आणला, संगणकांच्या जाळ्यातून माहिती खणून काढणारा, सगळ्यांना वाट दाखवणारा. पुढे उघड झालं की हा आवाज चाकांच्या खुर्चीत बसलेल्या बार्बराचा आहे. एकेकाळची बॅटगर्ल आता एका अर्थाने सगळ्या नायकांची दृष्टी झाली होती, आणि पुढची कित्येक वर्षं ती तशीच राहिली.

खलनायकांच्या या बदलाबद्दल मी जे काही वाचलं, त्यात ही घटना मला सर्वांत मोलाची वाटते. डूमला आई मिळाली, फ्रीझला नोरा मिळाली, मॅग्नेटोला त्याचं हरवलेलं घर मिळालं, जोकरला त्याच्या आवडीचा कुठलाही भूतकाळ निवडायची मुभा मिळाली. हे व्हायलाच हवं होतं. माणसाला माणूस म्हणून ओळखल्याशिवाय त्याच्या दुष्टपणाचीही ओळख पटत नाही, आणि एखाद्या मुलखाला, एखाद्या चेहऱ्याला जन्मतः दुष्ट ठरवण्याची सवय तुटत नाही. पण खलनायकाच्या मागे आपण जितकं दूरवर जातो, तितकंच त्याच्या वाराखाली सापडलेल्या माणसाच्या पुढे जायला हवं. एका लेखकाने मारणाऱ्याला भूतकाळ दिला, तर दुसऱ्या कुणीतरी मार खाल्लेल्याला भविष्यकाळ द्यायला हवा. किम येल आणि जॉन ऑस्ट्रँडर यांनी तो दिला. येत्या दशकांत नवे खलनायक येतील, नव्या भीतीतून येतील, आणि त्यांनाही कुणीतरी बालपण देईल. त्या प्रत्येक बालपणाशेजारी एक बार्बरा उभी राहायला हवी, तिच्या स्वतःच्या नावाने, तिच्या स्वतःच्या कामासह. तोवर ही गोष्ट अर्धीच सांगून झाली आहे.